मावशीला लिहिलेली पत्रे

इंग्रजीच्या तासाला मी नेहमी मागच्या बाकावर बसे. परीक्षेत गुण बरे पडत. पण सरांनी उभे केले की घशाला कोरड पडे. मराठी माध्यमाची सबब तयारच असे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचले आणि ती सबब लटकी ठरली.

कल्याणच्या यमुनेचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. पत्नीला शिकविण्याचा गोपाळरावांना ध्यास होता. त्यापायी तिने मारही सोसला. त्याचे गोडवे मला गाववत नाहीत. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला आणि डॉक्टर होण्याचा निश्चय तिच्या मनात रुजला. इंग्रजी हवे होते ते त्यासाठी, मिरविण्यासाठी नव्हे.

गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी ते वाचून १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र धाडले. खरा अभ्यास इथून सुरू झाला, असे मला वाटते. आपल्या चालीरीती, बालविवाह, बायकांची दुखणी हे सारे आता एका परक्या बाईला समजेल अशा इंग्रजीत सांगायचे होते. पाठांतर तिथे कामाचे नव्हते. लिहिता लिहिता कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या.

लेखणीमागून वाणीही आली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय, अशा एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. तेव्हा वयाची अठरा वर्षेही पुरी नव्हती. त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली.

मला सातासमुद्रापलीकडची मावशी नाही. म्हणून वर्गातल्या मैत्रिणीशी करार केला: दर शनिवारी एकमेकींना एक पान इंग्रजीत लिहायचे आणि तेच सोमवारी तोंडी सांगायचे. पहिले पान आमच्या गावच्या एस.टी.वर लिहिले, सतरा चुका निघाल्या. पण गेल्या आठवड्यात सरांनी प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून एक हात वर गेला. तो माझा होता.