सैन्याने नाकारलेला नेमबाज : जे. एच. टेलर

गोल्फमध्ये पहिला लांब फटका पाहून लोक टाळ्या वाजवतात, पण सामना बहुतेक वेळा त्यानंतरच्या ॲप्रोच शॉटवर ठरतो. चेंडू हिरवळीवर, झेंड्याजवळ नेऊन ठेवणारा हा फटका. त्यात नाव कमावलेले खेळाडू म्हणजे जॉन हेन्री टेलर.

त्यांचा जन्म १९ मार्च १८७१ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या नॉर्दम गावी झाला. घरची गरिबी होती आणि वडील लवकर वारले. अकराव्या वर्षी शाळा सुटली. वेस्टवर्ड हो येथील मैदानावर ते कॅडी झाले, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्या वाहू लागले. घरगडी, माळ्याचा मदतनीस, गवंड्याच्या हाताखालचा मजूर अशी कामेही त्यांनी केली. त्यांना सैन्यात जायचे होते, पण दृष्टी कमजोर असल्याने त्यांना नाकारण्यात आले. मग ते त्याच मैदानावर गवताची निगा राखू लागले आणि खेळ स्वतःच शिकले.

त्या काळी बरेच खेळाडू चेंडू जमिनीलगत घरंगळत हिरवळीवर नेत. टेलर मॅशी नावाच्या लोखंडी काठीने तो उंच उडवून थेट झेंड्याकडे टाकत. चेंडूला उलटी फिरकी असल्याने तो पडताच थांबे. त्यांचा नेम इतका अचूक होता की, दिशा दाखवणारे खांब हाच त्यांच्या वाटेतला अडथळा, असे लोक गमतीने म्हणत. ज्याची नजर सैन्याला चालली नाही, त्याचा हा नेम!

यामागचे तंत्र आजही नवशिक्यांना शिकवतात. पाय जवळ ठेवायचे, वजन पुढच्या पायावर घ्यायचे, काठी अर्धीच मागे न्यायची आणि आधी चेंडू, मग गवत असा खाली फटका द्यायचा. चेंडू उचलायचा प्रयत्न करायचा नाही. ते काम काठीच्या तिरक्या पात्याचे. सुट्टीत मी आई-बाबांकडे चेन्नईजवळ सिरुसेरीला जातो. तिथे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्या वाऱ्यात सराव करताना अर्ध्या फटक्याचे महत्त्व चांगलेच कळते.

टेलर यांनी १८९४, १८९५, १९००, १९०९ आणि १९१३ अशी पाच वेळा ओपन स्पर्धा जिंकली. शेवटच्या वेळी होयलेक येथे वादळी वारा आणि पाऊस होता. टोपी खाली ओढून, पाय घट्ट रोवून ते खेळले आणि आठ फटक्यांनी जिंकले. तेव्हा त्यांचे वय ४२ होते. वार्डन, ब्रेड आणि टेलर या तिघांनी मिळून १८९४ ते १९१४ मधील २१ पैकी १६ ओपन जिंकल्या.

त्या काळी व्यावसायिक खेळाडूंना क्लबमध्ये सदस्यांसारखा मान नसे. त्यांच्या हक्कांसाठी १९०१ मध्ये संघटना उभी राहिली आणि टेलर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये रायडर कप संघाचे कर्णधार असताना त्यांनी लष्करी शारीरिक प्रशिक्षक बोलावला आणि खेळाडूंना सकाळी समुद्रकिनारी पळवले. आपल्या पहाटेच्या पी. टी.सारखेच! अमेरिकेविरुद्धचा तो सामना ब्रिटनने एका गुणाने जिंकला.

ज्या क्लबात टेलर यांनी लहानपणी काठ्या वाहिल्या, त्याच क्लबाने १९५७ मध्ये त्यांना अध्यक्ष केले. १९६३ मध्ये नॉर्दम येथेच त्यांचे निधन झाले. एन. डी. ए. किंवा एस. एस. बी.च्या वैद्यकीय तपासणीची धास्ती आपल्यापैकी अनेकांना आहे. तिथे नकार मिळाला, तरी शिस्त आणि सराव आपल्याकडून कोणी काढून घेत नाही, हे टेलर यांच्या आयुष्यावरून दिसते.