बॅरन लारे व हिमदंश

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस पिरनीज पर्वताच्या कुशीत बोदेआं नावाचे एक खेडे आहे. तेथे १७६६ साली डोमिनिक लारे यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यामुळे तूलूज येथील त्यांच्या चुलत्याने त्यांस आपल्याजवळ ठेवून शस्त्रवैद्यकाची विद्या दिली. पुढे ते सैन्यात गेले. जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत रणभूमीवर तसेच तळमळत पडून राहत, हे पाहून त्यांनी त्यांना तत्काळ उचलून आणण्यासाठी हलक्या घोडागाड्या सिद्ध करविल्या. ज्याची जखम भारी त्याची पाळी पहिली, मग तो सरदार असो की शिपाई, असा त्यांचा नेम होता.

१८०७ च्या फेब्रुवारीत पूर्व प्रशियातील आयलौ येथे नेपोलियनची रशियनांशी लढाई झाली. थंडी इतकी कडक होती की पाणी गोठण्याच्या बिंदूखाली पारा पुष्कळच उतरला होता. आश्चर्य हे की, तोवर पायांविषयी फारशी कोणाची तक्रार नव्हती. लढाईनंतर हवा एकाएकी उबदार झाली, आणि शिपाई पाय ठणकतात म्हणून येऊ लागले. ज्यांनी शेकोटीशी पाय धरले, त्यांचे पाय सडले.

याचे कारण आज आपणास ठाऊक आहे. अति शीताने शरीराच्या मांसात बर्फाचे कण धरतात, रक्त वाहिनाशी होते व स्पर्शज्ञान नाहीसे होते. असा बधिर पाय विस्तवाशी भाजला तरी कळत नाही. १८१२ च्या रशियातील माघारीत तर लारे कोटास तापमापक अडकवून चालत होते. रात्री शेकलेले पाय सकाळी पुन्हा बर्फात गोठत. एकदा वितळून पुन्हा गोठलेला अवयव बहुधा वाचत नाही.

शेकोटी घातक, हे लारे यांनी अचूक ओळखले. परंतु त्यावरून गोठलेला भाग बर्फाने चोळून सावकाश तापवावा, असा जो उपाय त्यांनी सांगितला तो चुकीचा होता. एवढ्या थोर पुरुषाचे मत, म्हणून ते शंभराहून अधिक वर्षे चालले, आणि कित्येकांची बोटे त्यापायी गेली असतील! विसाव्या शतकात रशियातील गिरगोलाव्ह व अलास्कातील मिल्स यांच्या कार्याने ते मागे पडले.

आता परिचारिका तो भाग मुळीच चोळीत नाही. पुन्हा गोठण्याचे भय नसेल तरच तो ३७ ते ३९ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात ठेवते. ही उष्णता तापमापकाने पाहावयाची. रोग्याच्या बधिर पायास विचारून उपयोग नाही. कातडी मऊ व तांबूस होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा तास, पाणी कोमट राखावे लागते. त्या वेळी वेदना असह्य होतात, म्हणून वेदनाशामक औषध देतात. नंतर अलगद टिपून बोटांमध्ये कापूस ठेवावा, पाय उंच ठेवावा, रोग्यास चालू देऊ नये, तंबाखू वर्ज्य करावी. फोड आपल्या मनाने फोडू नयेत. काळे पडलेले बोट कापण्याचीही घाई नसते. जिवंत भाग कोठवर आहे हे उमगण्यास कित्येक आठवडे लागतात.

त्याच माघारीत बेरेझिना नदीच्या पुलावर लारे गर्दीत चिरडले जाणार होते. शिपायांनी त्यांस ओळखले, आणि हातोहात डोक्यांवरून पलीकडे पोचविले. १८४२ साली अल्जीरियातील लष्करी रुग्णालये तपासून परतताना लिआँ शहरी त्यांचा अंत झाला.