कूटप्रश्नांचा आचार्य

भारतीय गणिताचे अध्वर्यू भास्कराचार्य यांनी आपले जन्मवर्षही कोड्यात सांगून ठेवले आहे. त्यासाठी त्यांनी रस, गुण, पूर्ण आणि मही हे शब्द योजले. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही, अर्थात पृथ्वी, एकच. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, हा संकेत जाणणाऱ्यास शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हे वर्ष सापडते. यांतीलच रस आणि गुण या दोन शब्दांनी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचतानाचे आपले वयही सांगितले. ते होते ३६ वर्षे, आणि साल ११५०.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र खानदेशातील चाळीसगावनजीकच्या पाटणशी या घराण्याचे असलेले नाते शिलेवर कोरलेले आहे.

‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यातील गणिते काव्याचा वेश धारण करून येतात. भुंग्यांच्या एका थव्याच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले. सुगंधाच्या लोभाने एक भुंगा रात्री कमळात अडकला आणि त्याची सखी बाहेर गुणगुणत राहिली. एकूण भुंगे किती? उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचे मूळ ६. आठ नवमांश ६४. आणि हे दोन. ग्रंथाच्या अखेरच्या श्लोकात तर जाती, गुण, वर्ग हे शब्द श्लेषाने आले आहेत. रसिकाला त्यांत कुलीन, गुणवती स्त्री दिसते, गणकाला अपूर्णांक, गुणाकार आणि वर्ग. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादातून पसरली. तिला समकालीन आधार नाही.

अशी रचना पाठ करणे सोपे, परंतु उकलणे एकट्याचे काम नव्हे. म्हणूनच आचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’वर स्वतःच ‘वासनाभाष्य’ हे भाष्य लिहिले. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी मान्यता पावला. नातू चंगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे, यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. या दानांची नोंद करणाऱ्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला.

मठ काळाच्या ओघात नाहीसा झाला, पण उकल करणाऱ्यांची परंपरा खंडित झाली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, तर १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पाटणादेवीच्या मंदिरातील तो शिलालेख मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. ग्रंथ रचणारा एक असतो, तो जिवंत ठेवण्यास एकत्र बसून डोके चालविणारे अनेक लागतात, आणि त्यांच्या निर्वाहाची तजवीज समाजाला करावी लागते.