मेचनिकॉफ आणि दह्याचे जंतू

कोमट दुधात चमचाभर दही घालून ठेवले, की सकाळपर्यंत सगळ्या दुधाचे दही होते. या चमचाभर दह्याला मराठीत विरजण म्हणतात. आपल्या घरी आपण त्यालाच जामन म्हणतो. विरजणात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जंतू असतात. दुधातील साखर खाऊन ते आम्ल तयार करतात, म्हणून दही आंबट लागते. हे जंतू आपल्या पोटात गेले, तर तेथे काय करतात? या प्रश्नाचा ध्यास शंभर वर्षांहूनही आधी एका शास्त्रज्ञाने घेतला होता. त्यांचे नाव एली मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आता तो युक्रेन देशात आहे. घरी त्यांना इल्या म्हणत. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. त्याला झाडेपाने आणि किडे यांचे भारी वेड. जे पाहिले ते दुसऱ्यांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो भावांना आणि गावातील मुलांना जमवून व्याख्यान देई. मुले कंटाळून पळून जाऊ नयेत, म्हणून खाऊच्या पैशांतून त्यांना पैसेही देई! शिक्षकाने विद्यार्थ्यांना पैसे द्यायचे, ही रीत काही पुढे चालली नाही.

खारकोवच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यास इल्याने दोन वर्षांत संपवला. पुढे जर्मनी व इटलीत जाऊन त्याने समुद्रातील लहान प्राण्यांचा अभ्यास केला. पंचविशीतच मेचनिकॉफ ओडेसा येथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पण घरी सुख नव्हते. १८६९ मध्ये त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांची पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी अशक्त झाली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. चांगल्या हवेसाठी मेचनिकॉफ तिला दूर मदीरा बेटावर घेऊन गेले. तरीही १८७३ मध्ये ती वारली. या धक्क्याने मेचनिकॉफ इतके खचले, की त्यांना जगणेच नकोसे झाले. पुढे माणसाचे आयुष्य वाढवण्याच्या मागे लागले ते हेच मेचनिकॉफ. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला. ओल्गा त्यांना शेवटपर्यंत प्रयोगांत मदत करत राहिल्या.

१८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली आणि विद्यापीठातील वातावरण बिघडले. मेचनिकॉफ यांनी राजीनामा दिला आणि १८८२ मध्ये ते कुटुंबासह इटलीतील मेसिना या समुद्रकाठच्या गावी गेले. तेथे एके दिवशी घरातील मंडळी सर्कशीतील माकडे पाहायला गेली. मेचनिकॉफ मात्र सूक्ष्मदर्शकापाशी एकटेच बसून राहिले. ते तारामाशाची अगदी लहान पिल्ले पाहत होते. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की बाहेरून शत्रू आत शिरला, तर या पेशी त्याच्यावर धावून जात असतील काय? आपल्या बोटात काटा रुतला, तर तेथे पू होतो. हा पू म्हणजे जमलेल्या पांढऱ्या पेशीच नव्हेत काय?

त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणले आणि एका पिल्लाच्या अंगात टोचले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! जंतूंना गिळून टाकणाऱ्या या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणतो. शरीर रोगाशी कसे लढते, हे या काट्यामुळे समजू लागले. पुष्कळ शास्त्रज्ञांना ही गोष्ट पटली नाही. वाद वीस वर्षांहून अधिक चालला. अखेर १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांना पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिस येथील आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. मेचनिकॉफ मरेपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ओडेसाचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही त्यांच्यामागून पॅरिसला आले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा त्यावर लस तयार करणारे हाफकिन ते हेच. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे.

पॅरिसमध्ये मेचनिकॉफ यांनी एक धाडस केले. कॉलऱ्याचे जंतू खरोखर रोग करतात का, हे पाहण्यासाठी ते जंतू त्यांनी स्वतः पिऊन टाकले. त्यांना काहीच झाले नाही. दुसऱ्या एकाने तेच केले, तोही ठीक राहिला. तिसरा मात्र मरता मरता वाचला. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण एकच जंतू एकाला सोडतो आणि दुसऱ्याला धरतो, असे का? मेचनिकॉफ यांनी काचेच्या बशीत निरनिराळे जंतू एकत्र वाढवून पाहिले. काही जंतू कॉलऱ्याच्या जंतूंना वाढू देत नव्हते, तर काही त्यांना मदत करत होते. म्हणजे आपल्या आतड्यात आधीपासून कोण राहते, यावर बरेच काही अवलंबून असले पाहिजे.

येथून त्यांचे लक्ष आतड्याकडे वळले. मोठ्या आतड्यातील काही जंतू अन्न कुजवतात, त्यातून विष तयार होते आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते, असे त्यांना वाटू लागले. बल्गेरियातील खेडूत रोज दही खातात व दीर्घकाळ जगतात, असेही त्यांनी ऐकले होते. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातील एक जंतू शोधून काढला. त्या दह्यात हा जंतू एकटा नसतो, त्याचा एक सोबती असतो. एक जण दुधातील प्रथिने फोडून दुसऱ्याला खाद्य पुरवतो, तर दुसरा पहिल्याच्या वाढीला लागणारे आम्ल देतो. मेचनिकॉफ स्वतः उकळलेल्या दुधात शुद्ध जंतू घालून केलेले दही वर्षानुवर्षे खात होते. त्यांनी व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, आणि लोक दह्याच्या मागे लागले. औषधवालेही दह्याच्या गोळ्या विकू लागले.

यातले किती टिकले? बल्गेरियातील म्हाताऱ्यांनी सांगितलेली वये खरी होती, असे कसे मानायचे? पुढे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले, की दह्याचा तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे मेचनिकॉफ यांचे मतही चुकीचे ठरले. तेथील जंतू भाजी व धान्य यांतील चोथ्यापासून आतड्याला उपयोगी पदार्थ बनवतात. पण जंतूंमध्येही आपले मित्र असतात आणि आहाराने त्यांची वस्ती बदलता येते, हा त्यांचा विचार मात्र टिकला.

आज औषधांच्या दुकानात प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मिळतात. काहींत एकच जंतू असतो, तर काहींत आठ-दहा प्रकारचे असतात. पण प्रकार जास्त म्हणजे गुण जास्त, असा हिशेब येथे चालत नाही. एकाच जातीच्या जंतूचेही अनेक वाण असतात आणि प्रत्येक वाणाचे काम निराळे असते. प्रतिजैविक औषधांमुळे होणारे जुलाब काही वाण टाळू शकतात. मात्र २०२० मध्ये अमेरिकेतील पोटविकार-तज्ज्ञांच्या संस्थेने झालेले प्रयोग तपासले, तेव्हा पोटाच्या बहुतेक रोगांसाठी पुरेसा पुरावा मिळाला नाही. शिवाय फार आजारी माणसाला हे जिवंत जंतू अपायही करू शकतात. म्हणून अशी औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी लागतात.

दह्याने मेचनिकॉफ यांना शंभर वर्षे दिली नाहीत. पहिले महायुद्ध चालू असताना त्यांचे हृदय कमजोर झाले. आपल्या मृत्यूनंतर आपले शरीर तपासावे आणि विशेषतः आतडी नीट पाहावीत, असे त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला सांगून ठेवले होते. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.