लंगडत निघालेला यात्रेकरू

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. मी कपाटातली माझी चांगली पैठणी काढून त्यांना दिली. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू! आठ दिवसांनी कळलं की, दुसऱ्या एका घरी त्यांच्यावर चोरीचा आळ आला. एवढी भारी साडी हिच्याकडे आली कुठून, म्हणून चार बायकांदेखत त्यांना नाही नाही ते विचारलं. मी धावत गेले, साडी मीच दिली म्हणून सांगितलं. आळ गेला, पण मावशींची खाली गेलेली मान काही वर झाली नाही.

हे सगळं मी आमच्या महिला मंडळातल्या वसईच्या मैत्रिणीजवळ बोलले. ती कॅथलिक. स्पेनमध्ये संत इग्नेशियस लोयोला यांच्या वाटेने पायी यात्रा करून आलेली. ती म्हणाली, अगं, त्यांच्याही बाबतीत अगदी हेच झालं होतं, पाचशे वर्षांपूर्वी.

नाव ऐकून मी चमकले. बी.ए.ला मराठीच्या तासाला फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण आम्हाला शिकवलं होतं. १६१६ मध्ये गोव्यात छापलेलं हे काव्य लिहिणारे फादर जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे. त्या संघाची स्थापना करणारे हे इग्नेशियस. मग मिळेल ते वाचत गेले.

इग्नेशियस जन्मले १४९१ मध्ये, उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतात, लोयोलाच्या गढीत. तेरा भावंडांतलं शेंडेफळ. आई लहानपणीच गेली, गावातल्या लोहाराच्या बायकोने त्यांना दूध पाजून वाढवलं. मोठ्या भावाचं लग्न झालं आणि मॅग्दालेना ही वहिनी घरात आली. तीच त्यांना आईसारखी. तरुणपणी मात्र स्वारी अगदी छानछोकीची! तलवार, भरजरी कपडे आणि दरबारात नाव कमवायची हौस.

२० मे १५२१ रोजी पॅम्प्लोना इथल्या लढाईत तोफेचा गोळा लागला आणि उजवा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, ते पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. घट्ट बूट घातल्यावर तो दिसेल, म्हणून त्यांनी तो कापून घेतला. भुलीचं औषध नव्हतं हो तेव्हा! एवढं सोसूनही पाय आखूड राहिला आणि चाल लंगडी झाली.

अंथरुणात पडल्या पडल्या वेळ जाईना. त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या, पण घरात तसलं पुस्तक नव्हतं. वहिनीकडची दोन पुस्तकं हाती आली, एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरं संतांच्या कथांचं. वाचता वाचता त्यांना एक गोष्ट जाणवली. दरबाराची, पराक्रमाची स्वप्नं बघताना गोड वाटायचं, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगावं असा विचार आला की मात्र नंतरही मन भरलेलं राहायचं. कुठला विचार मनाला कुठे नेऊन सोडतो, हे बघायची सवय त्यांना इथे लागली. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

१५२२ च्या सुरुवातीला ते जेरुसलेमला जायचं ठरवून खेचरावर बसून निघाले. पण स्वभाव एका दिवसात बदलतो का? वाटेत भेटलेला एक मूर मारिया मातेबद्दल वावगं बोलला. तो पुढे निघून गेल्यावर यांचं रक्त उसळलं. त्याला गाठून खंजिराने भोसकावं की सोडून द्यावं, काही ठरेना. शेवटी त्यांनी लगाम सैल सोडला, खेचर जाईल तिकडे जायचं. खेचराने दुसरा रस्ता धरला, म्हणून एक खून टळला!

माँटसेराटच्या डोंगरावर मारिया मातेचं मोठं देवस्थान आहे. तिथे २४ मार्चच्या रात्री त्यांनी आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाटाचा झगा चढवला आणि रात्रभर वेदीपुढे जागरण केलं. तलवार आणि खंजीर तिथेच ठेवले. पहाटे डोंगर उतरून ते मानरेसा गावाकडे निघाले, तेवढ्यात मागून एक माणूस धापा टाकत आला. भिकाऱ्याला ते कपडे तुम्ही दिलेत का, हे विचारायला. चोरीच्या संशयावरून त्या गरिबाला लोकांनी छळलं होतं. इग्नेशियस यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पैठणी डोळ्यांपुढे आली. त्या दानात भिकाऱ्याचा विचार किती होता आणि स्वतःच्या त्यागाचा किती? माझ्या दानात तरी काय होतं?

मानरेसाला ते जवळजवळ अकरा महिने राहिले. भीक मागून खायचं, केस-नखं वाढू द्यायची, कडक उपास करायचे. मन इतकं कुरतडायला लागलं की, जीव द्यावा असे विचार आले. आजारी पडले तेव्हा गावातल्या बायकांनी रात्र रात्र जागून शुश्रूषा केली, अंगावर उबदार कपडे घालायला लावले. हळूहळू त्यांना उमगलं की, शरीराला छळणं म्हणजे भक्ती नव्हे. याच काळात त्यांनी टिपणं काढायला सुरुवात केली, त्यांतून आध्यात्मिक साधना हा ग्रंथ तयार झाला. पोटाचं दुखणं मात्र कायमचं मागे लागलं.

१५२३ मध्ये ते जेरुसलेमला पोचले, पण तिथल्या मठाधिकाऱ्यांनी राहू दिलं नाही. परत आल्यावर मनाशी ठरवलं, लोकांना मदत करायची तर आधी शिकायला हवं. तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात शाळकरी पोरांबरोबर बसून लॅटिन गिरवलं! खर्चाला मदत केली इसाबेल रोसेर या बाईंनी. पुढे धर्मचौकशी आणि तुरुंगही वाट्याला आला. १५२८ मध्ये पॅरिसला गेले. तिथे खोलीत सोबती मिळाले, त्यांतले एक फ्रान्सिस झेवियर. १५४० मध्ये पोपनी संघाला मान्यता दिली आणि झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. याच इसाबेलबाई पुढे रोमला आल्या, १५४५ मध्ये त्यांनी संघाची व्रतं घेतली. पुढच्याच वर्षी इग्नेशियस यांनी त्यांना त्यातून मोकळं केलं आणि संघात बायका नकोत हे पक्कं केलं. ज्या हातांनी सांभाळलं, त्यांनाच दार बंद! दुसरीकडे याच इग्नेशियस यांनी रोममध्ये देहविक्रयातून सुटू पाहणाऱ्या बायकांसाठी आसरा उभा केला होता. माणूस एका रंगाचा नसतो, संतही नसतात.

३१ जुलै १५५६ रोजी ते रोममध्ये गेले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आपली हकीकत सांगताना त्यांनी कुठेही मी म्हटलं नाही, स्वतःला फक्त यात्रेकरू म्हटलं.

लोयोला ते मानरेसा ही वाट आता सुमारे ६५० किलोमीटरची, २७ टप्प्यांची पदयात्रा झाली आहे. खुणेला नारिंगी बाण आहेत. काही भागात सांतियागोच्या प्रसिद्ध यात्रेचे पिवळे बाण बरोबर उलट्या दिशेला जातात, त्यामुळे समोरून येणारे लोक थांबवून विचारतात, वाट चुकलात का? मैत्रिणीच्या गटाबरोबर एक फादर मार्गदर्शक होते. सकाळी ते मननासाठी एक मुद्दा देत, मग दोन तास मुक्याने चालायचं. संध्याकाळी गोल बसून दिवसाने काय शिकवलं ते सांगायचं. पहिले चार दिवस तिला फक्त पायाचे फोड आठवत होते म्हणे! पाचव्या दिवशी वर्षानुवर्षं न बोललेली बहीण आठवली.

दिवसाकडे असं वळून बघायला इग्नेशियस यांनीच शिकवलं. मला स्पेन कुठलं परवडायला! मी रात्री ओटा पुसताना दिवस आठवते. कुणाला दिलं, कशासाठी दिलं, त्यातलं स्वतःसाठी किती.

परवा मावशींना आधी विचारलं, काय हवंय. त्यांना वस्तू नकोच होती. धाकट्याच्या दाखल्यासाठी कचेरीत कुणीतरी सोबत यायला हवं होतं. रिक्षा नाही केली, दोघी चालतच गेलो. वाटेत त्या पहिल्यांदाच त्या पैठणीबद्दल बोलल्या.