झाडांना नावे देणारे लिनियस

मागच्या पावसाळ्यात आम्ही मामाकडे, विदर्भात गेलो होतो. मामीने मला तरोट्याची भाजी खुडून आणायला सांगितली. मी सगळा बांध पाहिला आणि रिकाम्या हाताने परत आलो. बांधावर नुसता टाकळाच होता! मामी खूप हसली. आपल्याकडचा टाकळा म्हणजेच तिकडचा तरोटा. मला फार लाज वाटली.

शाळेत ही गंमत सांगितली, तेव्हा गुरुजींनी कार्ल लिनियस यांची माहिती दिली.

त्यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशात रॉशुल्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. त्यांना बागेचा भारी नाद. छोटा कार्ल फुलांची नावे सारखी विचारी अन् लगेच विसरे. शेवटी वडिलांनी ताकीद दिली, की विसरलास तर पुन्हा सांगणार नाही. मग तो नावे पक्की लक्षात ठेवू लागला. शाळेत मात्र त्याचे लक्ष नसे. याला एखादा धंदा शिकवा, असे मास्तरांनी वडिलांना सांगितले. पण एका डॉक्टरांनी त्याची हुशारी ओळखली. पुढे तोच मुलगा उप्साला येथे प्राध्यापक झाला.

त्या काळी झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिन भाषेतले लांबलचक वाक्यच. १७५३ साली लिनियस यांनी आपल्या ग्रंथात प्रत्येक झाडाला दोनच शब्दांचे नाव दिले.

गोल्डनरॉड नावाची पिवळी रानफुले अमेरिकेत होतात. त्यांच्या शंभरावर जाती आहेत. दिसायला पुष्कळशा सारख्याच! लिनियस अमेरिकेला कधीच गेले नाहीत. त्यांच्याकडे तिकडची वाळवलेली झाडे येत. तरी त्यांनी नावातच खूण सांगितली. जंगलातल्या एका जातीचे नाव सॉलिडागो सिसिया, म्हणजे निळसर. तिच्या निळसर खोडावर पुसला जाणारा पांढुरका थर असतो. फुले पानांच्या बगलेत येतात. दुसरी सॉलिडागो फ्लेक्सिकॉलिस, म्हणजे वाकड्या खोडाची. तिचे खोड नागमोडी, पाने रुंद आणि पानांच्या कडा करवतीसारख्या. खोड पाहिले की ओळख पटते.

आपल्या आंब्याला मँगिफेरा इंडिका हे नाव त्यांनीच दिले. टाकळ्याचेही नाव त्यांच्या ग्रंथात आहे.

१० जानेवारी १७७८ रोजी ते वारले. पण त्यांची पद्धत आजही जगभर चालते.

आता मी नुसते नाव विचारून थांबत नाही. खोड, पान, फूल सगळे नीट बघतो. मित्रांनो, तुमच्या आजोळी टाकळ्याला काय म्हणतात? पालकांनीही जरूर सांगावे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी