लंडन ते डार्विन : वैमानिक ॲमी जॉन्सन

लंडनहून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वाटेत न थांबता जाणारी विमानसेवा २०१८ साली सुरू झाली आणि सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरांचे ते अंतर सतरा तासांच्या आसपास तोडता येऊ लागले. प्रवासी जेवतो, झोपतो आणि जागा होतो तो दुसऱ्या खंडात! १९३० साली एक सव्वीस वर्षांची तरुणी एकटीच विमान हाकीत लंडनहून ऑस्ट्रेलियातील डार्विनला गेली, तेव्हा तिला साडेएकोणीस दिवस लागले. तिचे नाव ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करू लागली. फावल्या वेळी ती विमान चालविण्यास शिकली. एवढेच नव्हे, तर कर्मशाळेत हात काळे करून तिने विमानदुरुस्तीचा परवानाही मिळविला. तो मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय. माझ्या मते तिचे खरे बळ या परवान्यातच होते.

वडील आणि लॉर्ड वेकफील्ड यांच्या पैशांतून सहाशे पौंडांस एक जुने जिप्सी मॉथ विमान घेतले गेले. वडिलांच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. बसण्याची जागा उघडी, बिनतारी यंत्र नाही, वेग ताशी जेमतेम १३५ किलोमीटर. तोवरची तिची सर्वांत लांबची भरारी लंडन ते हल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरांची!

५ मे १९३० रोजी ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद करीत सहाव्या दिवशी कराचीस पोहोचली. बर्ट हिंकलर या वैमानिकापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. पुढचा टप्पा अलाहाबादचा, सुमारे दीड हजार किलोमीटरांचा. परंतु इंधन सरत आले आणि आपल्या ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटरांवरील झाशीत, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर, तिला उतरावे लागले. विमानाचा पंख दुखावला. डागडुजी करून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आकाशात! रंगूनजवळ मात्र विमान खड्ड्यात गेले, दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले आणि हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हातचा निसटला. जावा बेटावर उतरताना बांबूंनी पंखाचे कापड फाडले. ती भोके तिने जखमेवर लावावयाच्या चिकटपट्ट्यांनी बुजविली. २४ मे रोजी, सुमारे १७,७०० किलोमीटर तोडून, ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत गेलेली ती पहिली स्त्री. तिचे ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

पुढे तिने टोकियो व केप टाउनपर्यंत भराऱ्या मारल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी असेच एक विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाली. अंतर सुमारे २४० किलोमीटर, वाट तासाभराची. हवा अत्यंत वाईट होती. काही तासांनी ते विमान वाटेपासून फार दूर, टेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात कोसळले. जवळच्या युद्धनौकेचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. तेही त्यातच दगावले. ॲमीचा देह सापडला नाही.